ताप लांबला तर डॉक्टरांना काय सांगावं, काय तपासू द्यावं?

उमापूर (ता. गेवराई) : पंधरा-वीस दिवसांपासून ताप येतो-जातो. गावात इंजेक्शन झालं, गेवराईत सलाईन लागलं, बीडला रक्त-लघवी तपासली, तरी निदान नाही. अशा वेळी घरचे म्हणतात, "अजून एखादी मोठी टेस्ट करून टाकू." पण कोणती टेस्ट करायची हे ठरतं ते रुग्णाच्या माहितीवरून आणि अंग तपासण्यावरून.

'कारण न सापडणारा ताप' म्हणजे काय?

पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी 1961 मध्ये याची व्याख्या केली : तीन आठवड्यांहून जास्त दिवस, वारंवार 101 अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा ताप आणि दवाखान्यात आठवडाभर तपासूनही न सापडलेलं कारण. यामागे जंतुसंसर्ग, सांध्यांचे व वाताचे आजार, कॅन्सर किंवा एखादं औषधही असू शकतं. आपल्याकडे अशा तापात टीबी बऱ्याचदा निघतो. टीबी फुप्फुसाबाहेर असेल तर खोकला नसतोही.

डॉक्टरांना हे न विचारता सांगा

- तापाची नोंद : थर्मामीटरने दिवसातून तीन-चार वेळा मोजून वेळेसह लिहा. एक दिवसाआड थंडी वाजून ताप आला तर मलेरियाचा संशय येतो. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असेल तर टीबीचा.
- जनावरं आणि दूध : घरी शेळ्या आहेत का, शेळी वितताना हात लावला का, कच्चं दूध प्यायलात का, कुर्बानीचं किंवा खाटीककाम करता का? जनावरांपासून होणाऱ्या ब्रुसेलोसिसमध्ये ताप, घाम, कंबर व सांधे दुखणं महिनोन् महिने चालतं.
- प्रवास : ऊसतोडीला कुठे गेला होता, मुंबई, आखाती देश, हज-उमराहून आलात का? तिकडे उंटाचं कच्चं दूध प्यायला असाल तर तेही सांगा.
- औषधं : गोळ्या, इंजेक्शनं, हकिमाचा नुस्खा, सगळं सोबत न्या. काही औषधांनीच ताप येतो.
- जुनी माहिती : घरात कुणाला टीबी होता का, हृदयाचा आजार, ऑपरेशन, नुकताच काढलेला दात.

डोक्यापासून पायापर्यंत तपासणी

डॉक्टर डोळे, तोंडातले व्रण, दात, मान-काख-जांघेतल्या गाठी, यकृत-प्लीहा, मणका, सांधे बघतात. हृदयाचा नवा आवाज किंवा नखाखालच्या बारीक लाल रेषा दिसल्या तर हृदयाच्या झडपेच्या संसर्गाचा विचार होतो. गालांवर पुरळ, केस गळणं, सांधेदुखी असेल तर ल्युपसचा. आज नसलेली खूण चार दिवसांनी उमटू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

स्क्रब टायफसचं उदाहरण घ्या. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात याची साथ आली होती. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. चावा बसतो तिथे बऱ्याच रुग्णांना विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही आणि काख, जांघ, छातीखाली अशी झाकलेल्या जागी असते. वेळेत सापडलं तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूवर येतं.

इथे आपल्या घरांतली अडचण येते. बुरख्यावरून नाडी दाखवून ही खपली कशी दिसणार? लेडी डॉक्टर मागा. त्या नसतील तर नर्स किंवा घरची बाई सोबत ठेवून तपासू द्या. इलाजासाठी गरजेपुरतं तपासू देण्याची शरीअतमध्ये मुभा आहे. लाजेपायी आजार लपला तर नुकसान आपल्याच अम्मीचं, बहिणीचं.

हे टाळा

- निदानाआधी मनाने अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड घेणं. त्याने ताप दबतो आणि खुणा पुसल्या जातात. रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं बरं.
- फक्त विडाल टेस्टवरून टायफॉइड पक्का धरणं.
- डॉक्टर बदलताना जुने कागद घरी ठेवणं.

थांबू नका

बरळणं, मान ताठणं, झटके, दम लागणं, रक्तस्राव, लघवी कमी होणं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

वहीचं एक पान घ्या, वरची माहिती आजच लिहा आणि दवाखान्यात जाताना तो कागद सोबत ठेवा.