हापसा कुठे बसवायचा?

महाराष्ट्राला दुष्काळ नवा नाही. तरीही 1972 चा दुष्काळ पाहिलेली माणसं तो वेगळा काढून सांगतात. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ बसली. संकटात माणसं एकमेकांना धरून राहतात असं आपण म्हणतो. पण पाणी आटलं की पाणवठ्यावरचे जुने भेदही तीव्र होतात. पाणी आधी कोणी भरायचं, कोणी लांब थांबायचं, कोणाला वरून ओतायचं, हे प्रश्न तेव्हाच धारदार होतात.

मग अशा काळात एकत्र काम करणाऱ्यांची उमेद आणि सचोटी टिकते कशी? सर्वांना सामावून घेणं जमतं कसं? याच जिल्ह्यातल्या जामखेडचा इतिहास यासाठी पाहण्याजोगा आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आलं. दोघांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झालं होतं. पुढे अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. त्या वेळी या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, कुपोषण अशी कारणं होती. यातली बरीचशी टाळता येण्याजोगी होती आणि दर वेळी त्यासाठी डॉक्टर लागत नव्हता.

काम सुरू झालं आणि दुष्काळ पडला. गावांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले. पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी घेतल्या गेल्या. इथे एक महत्त्वाचा निर्णय झाला: शक्य तिथे हापसा दलित वस्तीत बसवायचा. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथे जायचं. जातिभेदावर व्याख्यान न देता हापशाच्या जागेनेच बरंच काही साधलं.

पुढचा पेच मनुष्यबळाचा होता. गावात राहून काम करायला शिकलेल्या परिचारिका तयार नसत, आणि गावच्या बायकाही त्यांच्याशी सहज बोलत नसत. तेव्हा गावांनी आपल्यातल्याच बाई निवडाव्यात असं ठरलं. निवडलेल्या बायकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. काही वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींच्याही होत्या. दर आठवड्याला त्या शिकण्यासाठी जामखेडला येत, मुक्कामाला राहत. सुरुवातीला एकत्र जेवायला काही जणी कचरत. पण स्वयंपाक एकत्र, पंगत एक, आणि रात्री अंगावर मिळून एकच मोठं पांघरूण, असा शिरस्ता पडला. काही महिन्यांनी संकोच गळत गेला.

या बायका शिकल्या काय? बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, मुलाचं वजन कसं पाहायचं, जुलाब झालेल्या मुलाला पाणी, मीठ आणि साखर यांचं मिश्रण कसं पाजायचं. त्या काळी हे ज्ञानही ताजंच होतं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत मीठ, साखर, पाणी यांचा मोठ्या प्रमाणावर वापर करून मृत्यू खूप कमी केले होते. साखर (ग्लुकोज) आणि मीठ (सोडियम) आतड्यात एकत्र शोषली जातात, त्यांच्यामागे पाणीही येतं. हे तत्त्व कळलं की जीव वाचवण्याचं साधन प्रत्येक घराच्या चुलीजवळ असतं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हांला यातली एक गोष्ट विशेष वाटते. ज्ञान हातचं राखून अधिकार टिकवण्याची सवय आपल्या सगळ्याच संस्थांत असते. जामखेडला ज्ञान वाटून टाकलं, आणि ते ज्यांना मिळालं त्यांची मान गावात उंचावली. उमेदीचं एक मोठं कारण तेच होतं.

पण नुसत्या मानावर पोट भरत नाही. आरोग्यसेविकांचं मानधन तुटपुंजं होतं. म्हणून महिला मंडळांमार्फत छोट्या व्यवसायांसाठी कर्जं, शेतकरी मंडळांमार्फत जमीन आणि पाण्याची कामं, अशीही जोड दिली गेली. 2005 नंतर देशभर आलेल्या आशा सेविकांच्या मोबदल्याचा वाद, त्यांचे 2023 आणि 2024 चे संप, हेच बजावतात: सन्मान हा मोबदल्याला पर्याय होऊ शकत नाही.

फळ काय मिळालं? 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बालमृत्यूचं प्रमाण हजारी तीसच्या आत आलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी अल्मा-आता इथल्या परिषदेने प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा मांडला होता. जामखेडचा अनुभव जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या पुस्तकात आधीच नोंदवला होता.

शाळेत हे कसं नेता येईल? विद्यार्थ्यांना आपल्या गावातले 1972 सालचे पाणवठे नकाशावर दाखवायला सांगा. तेव्हा कोण कुठून पाणी भरत असे, हे आजी-आजोबांना विचारायला सांगा. मग आजचे नळ, टाक्या त्यावर काढा. आणि शेवटी आपल्या शाळेचाही असाच नकाशा करा: पाण्याचा माठ, प्रयोगशाळेची किल्ली, मुख्याध्यापकांच्या समोरची खुर्ची. यापर्यंत कोण सहज पोचतं, कोण दारात थांबतं? पैसा, माणसं किंवा वेळ कमी पडेल त्या वर्षी उमेद टिकवायला हा नकाशा उपयोगी पडेल.