ज्यांना निमंत्रण नव्हते

1 ऑक्टोबर 1964 रोजी पहाटे सहा वाजता टोकियो स्थानकातून निळ्या-पांढऱ्या रंगाची एक गाडी ओसाकाच्या दिशेने निघाली. ऑलिम्पिक सामने अवघ्या नऊ दिवसांवर आले होते. ताशी 210 किलोमीटरपर्यंत वेग घेणारी अशी गाडी तोवर जगात नियमित कुठेच धावत नव्हती. परंतु ज्या दोघांनी हा मार्ग घडविला, ते रेल्वेचे माजी अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा त्या फलाटावर नव्हते. तेथील समारंभाचे त्यांना निमंत्रणच नव्हते. शिमा यांनी तो सोहळा घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहिला.

आपल्या विरार-बोईसरच्या शिवारांतून आखलेला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग याच जपानी नमुन्यावर बेतलेला आहे. तेव्हा हे दोघे घरी का राहिले, हे आपणही जाणून घ्यावे असे वाटते.

सोगो 1955 साली रेल्वेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचे वय 71 वर्षांचे होते. रेल्वेचे युग संपले, आता मोटारी आणि विमाने, असे तेव्हाचे शहाणे लोक म्हणत. नव्या मार्गाची तुलना त्यांनी पिरॅमिड, चीनची भिंत आणि यामातो ही युद्धनौका यांच्याशी केली. प्रचंड आणि निरुपयोगी, एवढाच त्याचा अर्थ. सोगो यांच्यापाशी मात्र एक साधा हिशेब होता. टोकियो-ओसाका हा जुना मार्ग देशातील लोहमार्गांच्या जेमतेम 3 टक्के लांबीचा होता, आणि देशातील सुमारे चौथा भाग प्रवासी व माल तोच वाहत होता. त्या रुळांवर आणखी गाड्या घालायला जागाच उरली नव्हती. म्हणजे नव्या मार्गाची मूळ गरज वेगाची नव्हती, गर्दीची होती. वेग हवा म्हणून शिमा यांनी साडेतीन फुटी रूळ सोडून चार फूट साडेआठ इंचांचे रूळ स्वीकारले, फाटके टाळली आणि नव्या रुळांवरून फक्त प्रवासी नेले. शिवाय युद्धापूर्वी अशाच एका योजनेसाठी घेतलेली जमीन आणि खोदायला घेतलेले बोगदे हाताशी होते.

येथवर सारे सरळ आहे. अडचण पैशाची होती. खरा खर्च सांगितला तर संसद मंजुरी देणार नाही हे जाणून सोगो यांनी तो जवळजवळ निम्मा करून मांडला. सुमारे 19,700 कोटी येन मंजूर झाले. प्रत्यक्षात लागले 38,000 कोटी. (धर्मग्रामाचे सभागृह बांधायला घेतले की हा मोह कसा गोड बोलत येतो, हे मला ठाऊक आहे.) सरकार मध्येच माघार घेऊ नये म्हणून 1961 साली जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलरचे कर्ज घेतले गेले. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने लहान, पण त्यामुळे सरकारचा शब्द जगापुढे बांधला गेला.

पुढच्याच वर्षी, 3 मे 1962 रोजी, टोकियोतील मिकावाशिमा येथे एक मालगाडी घसरली. तिच्यावर प्रवासी गाडी आदळली. लोक खाली उतरून रुळांवरून चालू लागले, इतक्यात समोरून दुसरी गाडी आली. 160 माणसे गेली. इशारा चुकला तर गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा जुन्या मार्गांवर सर्वत्र बसविण्याचे काम त्यानंतर वेगाने हाती घेतले गेले. 1963 च्या मे महिन्यात वाढलेल्या खर्चाची जबाबदारी घेऊन सोगो पायउतार झाले, आणि त्यांच्यापाठोपाठ शिमाही गेले.

मार्ग यशस्वी ठरला, यात शंका नाही. 1967 च्या जुलैपर्यंत दहा कोटी प्रवासी झाले. 1981 साली जागतिक बँकेचे कर्ज फिटले. गाडी घसरून वा टक्कर होऊन त्यावर आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही. मात्र यशाने त्या अपुऱ्या अंदाजालाही प्रतिष्ठा मिळाली. पुढे मार्ग गर्दी पाहून नव्हे, तर मतदारसंघ पाहूनही मागितले जाऊ लागले. निगाताकडे जाणारा 1982 चा मार्ग काकुएई तानाका यांच्या प्रभावामुळे झाला, असे तेथे उघड बोलले जाई. 1987 साली रेल्वेचे खासगीकरण झाले तेव्हा डोक्यावर सुमारे 37 लाख कोटी येनचे कर्ज होते. ते सारे काही वेगवान गाड्यांचे नव्हते, तोट्यातील ग्रामीण मार्ग आणि अवाढव्य नोकरवर्ग हेही त्यात होते. पण त्यांचा वाटा लहान नव्हता.

आपल्या मार्गाची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 रोजी अहमदाबादेत झाली. 508 किलोमीटर, तेव्हाचा अंदाज 1 लाख 8 हजार कोटी रुपये, त्यातील 81 टक्के जपानचे कर्ज, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षे. असे कर्ज सहजी मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. मुंबई-अहमदाबाद मार्गावर गर्दी आहे, हेही खरे. पण टोकियोच्या नव्या मार्गाने जुन्या रुळांवरचा भार हलका केला. आपल्याकडे गर्दीचा कणा म्हणजे पहाटे डबा घेऊन निघणारा, लोकलच्या दारात लटकणारा माणूस. त्याच्या वाट्याला या मार्गातून काय येणार, हा प्रश्न मी शेत गमावणाऱ्या कुटुंबांत बसून ऐकला आहे, आणि त्याला विकासविरोध म्हणणे मला पटत नाही.

पायाभरणीनंतर पंधराव्या दिवशी, 29 सप्टेंबरला सकाळी, पाऊस पडत असताना एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. तेथे नवा पूल व्हावा ही मागणी जुनीच होती. तो भारतीय सैन्याने बांधला आणि 2018 च्या फेब्रुवारीत लोकांसाठी खुला झाला.