मंडईला जोतीरावांचा विरोध होता



नळदुर्गात चार पोरं जमली की बोलणं हटकून किल्ल्यावर जातं. पाणीमहाल, बोरी नदी, आदिलशाही. १९०४ पर्यंत अख्ख्या जिल्ह्याला आपल्या गावाचं नाव होतं, हेही कुणीतरी सांगतंच. पण आपल्या आया जिथं बसल्या त्या जागेचा इतिहास कुणी सांगत नाही. ती जागा म्हणजे बाजार.

माझी माय बाजाराच्या पार शेवटाला बसायची. सरपणाची मोळी, केरसुण्या, कधी गवताचा भारा. भाजी का विकत नाहीस, असं मी लहानपणी विचारायचो. ती म्हणायची, ‘आपल्या हातचं कोण खाईल रं?’ अर्थशास्त्र कोळून प्यालेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराच्या सल्ल्याचा धंदा काढला, तर सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटलं आणि धंदा बंद करावा लागला. तिथं मायच्या मेथीचं काय घेऊन बसलात! तरी ती उघडी जागा मोलाची होती. तहबाजारीचे पैसे दिले, पावती घेतली, गोणपाट अंथरलं की झालं. भांडवल नको, जामीन नको.

आता गावोगाव ‘व्यापारी संकुल’ हा शब्द आलाय. जुना बाजार पाडायचा, गाळे काढायचे, गाळ्यांचा लिलाव. अनामत भरील त्याचा गाळा. एका तालुक्याच्या गावी माझ्या मावशीची जागा अशीच गेली. नकाशात गाड्या लावायला जागा होती, टोपली ठेवायला नव्हती.

हे भांडण जुनं आहे. ते नीट कळायला एकशे चाळीस वर्षं मागं, पुण्याला जावं लागतं.

पुण्याचा भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे, उघड्यावर. १८८२ च्या सुमारास नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत दगडी मंडई बांधायचं ठरवलं. खर्च लाखांच्या घरात. जोतीराव फुले १८७६ पासून नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. त्यांनी विरोध केला. हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. म्हणणं साधं होतं : एवढा पैसा आहे तर तो शिक्षणावर घाला.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला बाजारातलं काय कळत होतं? अरे, त्या घराण्याला ‘फुले’ हे नावच फुलांच्या धंद्यावरून पडलं. शिवाय जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत. दगडचुन्याचा हिशेब त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचा म्हणून स्वागताला हजार रुपये काढायचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकटे जोतीराव विरोधात गेले. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं : सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर जातो. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’. लिटन, मंडई, हंटर, असूड हे चारी मी एकाच वहीतले हिशेब समजतो. पैसा कुणाचा, खर्च कुणासाठी? मंडईविरोधाचा हा अर्थ मी लावतो. चुकत असेन तर भांडायला या.

विरोध चालला नाही. १८८६ साली मंडई उघडली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव दिलं. पुढं आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं ती ‘महात्मा फुले मंडई’ झाली. मुंबईत १८६९ चं क्रॉफर्ड मार्केट, आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या नावाचं. त्यालाही नंतर जोतीरावांचंच नाव. नाव दिलं ते बरंच केलं. पण पुण्यात ज्यानं विरोध केला तोच दारावर आणि विरोध कशासाठी केला ते गाळेवाल्याला विचारा, सांगता यायचं नाही.

म्हणून काय इमारतच नको? तसं नाही. माझ्या मायला पावसात छप्पर नको होतं असं कोण म्हणेल? बाईमाणसाला दिवसभर लघवीला जागा नसायची, ते हाल मी बघितलेत. छपराची किंमत लिलावात ठरते, तिथं भांडण आहे.

आपल्या हातात आज एक गोष्ट आहे, जोतीरावांच्या हातात नव्हती. २०१४ चा पथविक्रेता कायदा. सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण पुरं झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. उठवायचंच तर तीस दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश बाया. अनुसूचित जातींना प्रतिनिधित्व. आणि दुसऱ्या अनुसूचीत असंही आहे की पन्नास वर्षांहून जुना ‘नैसर्गिक बाजार’ वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. किल्ल्याच्या दगडाला वारसा म्हणतात, तसाच हा वारसा.

पण बाजार इतका जुना आहे हे दाखवायचं कशानं? माय गेल्यावर मी तिची पेटी उपसली. एक पावती नाही. तिला वाचता येत नव्हतं, चूल पेटवायला गेल्या असणार. शेजारच्या काकूकडं मात्र दोऱ्यात ओवलेल्या आठदहा सापडल्या, कडा उंदरानं खाल्लेल्या. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी घरोघर फिरून अशा पावत्या गोळा करायच्यात. म्हाताऱ्यांना विचारायचं, कुठं बसत होता, कधीपासून, शेजारी कोण होतं. येताना एक वही आणा.