देवबंदचे दारुल उलूम : शिक्षण व धर्माधिकार

उत्तर प्रदेशातील देवबंद (जि. सहारनपूर) येथे १८६६ मध्ये स्थापन झालेला मदरसा. उलेमांचा (इस्लामी धर्मविद्वानांचा) शब्द आधुनिक काळात कशाच्या बळावर चालतो, या प्रश्नाच्या अभ्यासात या संस्थेला मध्यवर्ती स्थान आहे. छत्ता मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली पहिला धडा झाला आणि शिक्षक व विद्यार्थी दोघांचेही नाव महमूद होते, असे संस्थेच्या परंपरेत सांगतात.

बार्बरा मेटकाफ यांनी इस्लामिक रिव्हायव्हल इन ब्रिटिश इंडिया (१९८२) या ग्रंथात संस्थेचा कारभार बारकाईने तपासला. पगारी शिक्षक, ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा ही घडण त्यांना इंग्रजी अमलातील शाळांच्या जवळची वाटली. शिकवण्याचे विषय मात्र दर्स-ए-निजामी या मदरशांच्या जुन्या अभ्यासक्रमातलेच, त्यात हदीसवर (पैगंबरांच्या वचनांवर) भर. नवाबांच्या वतनाऐवजी सामान्यांच्या वर्गणीवर संस्था चालली. टपाल, रेल्वे व छापखान्यामुळे दूरच्या गावातला माणूसही पत्राने प्रश्न विचारून फतवा मागवू शकला. ‘जुनाट मदरसा’ या सरसकट समजुतीला हे संशोधन चांगलाच धक्का देते.

मुहम्मद कासिम झमान यांनी दि उलमा इन कंटेंपररी इस्लाम (२००२) मध्ये उलेमांना परंपरेचे नुसते राखणदार मानलेले नाही. परंपरेत राहून बदल घडवणारे म्हणून ते त्यांच्याकडे पाहतात. देवबंदी विद्वान अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांचे उदाहरण येथे बोलके आहे. नवरा परागंदा झाला, तर हनफी विधिपंथाच्या मतानुसार त्याच्या समवयस्कांचे आयुष्य संपेपर्यंत बायकोने वाट पाहायची. म्हणजे जवळजवळ जन्मभर. धर्मत्यागाने विवाह तुटतो असे मानले जाई, म्हणून या जाचातून सुटण्यासाठी काही स्त्रिया धर्मच सोडू लागल्या. तेव्हा १९३० च्या दशकाच्या आरंभी थानवींनी मदीनेच्या मालिकी या दुसऱ्या विधिपंथाच्या विद्वानांची मते मागवली आणि चार वर्षांच्या मुदतीचा मालिकी नियम स्वीकारला. केवळ धर्मत्यागाने विवाह तुटत नाही, असेही त्यांनी ठरवले. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात या दोन्ही गोष्टी आल्या. निवाडा मुसलमान न्यायाधीशानेच द्यावा, हा त्यांचा आग्रह मात्र कायद्यात उतरला नाही. उलेमांचा अधिकार कुठवर पोचतो आणि कुठे अडतो, हे इतके स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रसंग क्वचितच सापडेल.

इब्राहिम मूसा यांनी व्हॉट इज अ मदरसा? (२०१५) हे पुस्तक स्वतः देवबंद व लखनौच्या नदवा मदरशात शिकून लिहिले. त्यामुळे विद्यार्थ्याचा दिवस आतून दिसतो. मदरशांविषयी आपुलकी असूनही अभ्यासक्रम साचल्याची खंत ते लपवत नाहीत.

महाराष्ट्रात मदरशांच्या अभ्यासक्रमाच्या या प्रश्नाचा धागा अक्कलकुव्यापर्यंत (जि. नंदुरबार) येतो. तेथील जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमचे संस्थापक गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी धर्मशिक्षणाच्या जोडीने अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणही उभे केले. जानेवारी २०११ मध्ये ते देवबंदचे मोहतमीम (प्रमुख) झाले. गुजरातविषयीच्या विधानांवरून वाद पेटला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मजलिस-ए-शूराने (संस्थेच्या नियामक मंडळाने) त्यांना पदावरून दूर केले.