कृत्रिम वेणी आणि नैसर्गिक न्याय

मराठीत ‘गंगावन’ असा एक शब्द आहे. विरळ वेणीत गुंफायच्या उसन्या केसांना आपण हे नाव दिले, आणि आजी-पणजींच्या फणेरपेटीत ते निमूटपणे नांदत आले. गंगावन लावले म्हणून कोणाची नोकरी धोक्यात आल्याचे ऐकिवात नाही. परंतु आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या बाबतीत वेणीचा प्रश्न थेट न्यायालयापर्यंत गेला. स्वतःच्या केसांत कृत्रिम धाग्यांची जोड गुंफून घातलेल्या बारीक वेण्यांचा इतिहास पाहू लागलो, की तो अखेर एका शब्दापाशी येऊन थांबतो. तो शब्द म्हणजे ‘कृत्रिम’.

केसांना जोड देणे ही आधुनिक बाब नव्हे. इजिप्तमधील अमार्ना येथे सुमारे ३३०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका स्त्रीच्या मस्तकावर सुमारे ७० जोड गुंफलेले आढळले आहेत. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, नोक संस्कृतीच्या दोन हजार वर्षांहून जुन्या मृण्मूर्तींवर अतिशय रेखीव केशरचना दिसतात. योरुबा समाजात केशरचनांना स्वतंत्र नावे आहेत. सर्व वेण्या माथ्याकडे ओढून टोपलीसारख्या उभ्या केल्या की ती ‘शुकू’. जे. डी. ओखाई ओजेइकेरे या नायजेरियन छायाचित्रकाराने १९६८ पासून अशा केशरचनांची शेकडो छायाचित्रे घेतली. त्यांतील अनेक पाठमोरी आहेत. चार-सहा आठवड्यांत उसवली जाणारी ही कला त्याने अशा रीतीने टिपून ठेवली.

ही विद्या गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून गेली आणि तिथे सत्तेची नजर तिच्यावर पडली. १७८६ साली स्पॅनिश अमलाखालील लुइझियानात गव्हर्नर मिरो याने फर्मान काढले, की कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्रियांनी केसांत अलंकार न मिरवता डोके रुमालाने बांधावे. स्त्रियांनी रुमाल बांधले खरे, पण ते इतके रंगीत आणि डौलदार, की त्यांचीच फॅशन झाली. केस ही खासगी बाब असते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

विसाव्या शतकात या परंपरेला एक अनपेक्षित साहाय्य मिळाले ते जपानमधून. १९५७ पासून तिथे ‘कानेकालोन’ नावाच्या कृत्रिम धाग्याचे उत्पादन सुरू झाले. माणसाच्या केसांपेक्षा स्वस्त, हलका आणि उष्णतेने वळवता येणारा हा धागा पुढे वेणीच्या जोडांसाठी सर्वत्र वापरात आला. जोडाच्या वेण्या घालायला केशकर्तनालयात सहा-आठ तास सहज जातात आणि पैसाही बराच लागतो. म्हणून असंख्य स्त्रिया हे काम घरीच, स्वतःच्या डोक्यावर करतात. धुऊन वाळवलेल्या केसांत टोकदार शेपटीच्या कंगव्याने चौकोनी भांग पाडायचे. धाग्याच्या जुडीची टोके ओढून कमीजास्त करायची, म्हणजे वेणी शेवटी निमुळती होते. एकेका बटेच्या मुळाशी धागा अडकवून तीन पेड घालत जायचे. मुळाशी पकड हवी, पण ताण नको. सततच्या ओढीने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. डोक्याच्या मागच्या भागात डोळ्यांचा उपयोग नाही. दोन आरशांत दिशांचा घोळ होतो, म्हणून अखेर बोटांवरच विसंबावे लागते. शेवटी टोके कढत पाण्यात बुडवली की धागा स्थिरावतो आणि वेणी उसवत नाही. ही विद्या मुली आईच्या नाहीतर मावशीच्या गुडघ्यांत बसून शिकत आल्या.

अशा विद्येला कायद्याने काय म्हटले? रेने रॉजर्स ही कृष्णवर्णीय स्त्री अमेरिकन एअरलाइन्समध्ये सुमारे अकरा वर्षे नोकरीला होती. प्रवाशांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी सर्व केसांच्या वेण्या घालू नयेत, या कंपनीच्या नियमाविरुद्ध ती न्यायालयात गेली. १९८१ साली न्यूयॉर्कमधील संघराज्य न्यायालयाने तिचा मुख्य दावा फेटाळला. ‘ॲफ्रो’ केस निसर्गतः वाढतात, तेव्हा त्यांच्यावरील बंदीचा विचार कदाचित वेगळा करावा लागेल. वेणी मात्र कृत्रिम, सहज बदलता येणारी, म्हणून तिला वांशिक भेदभावाविरुद्धचे संरक्षण नाही, असा त्या निकालाचा आशय होता. बो डेरेक या गोऱ्या अभिनेत्रीने ‘टेन’ (१९७९) या चित्रपटात अशा वेण्या लोकप्रिय केल्यानंतर लवकरच रॉजर्सने त्या घातल्या, याचीही निकालपत्रात नोंद झाली. हजारो वर्षांची परंपरा एका चित्रपटाच्या खाती जमा झाली! आणि कंपनीने दिलेली मुभा कोणती? कामाच्या वेळी वेण्यांचा अंबाडा घालून त्यावर केसांचा टोप गुंडाळावा. म्हणजे उसन्या केसांना आक्षेप नव्हता. ते कोणाच्या रूपासाठी आहेत, हा खरा प्रश्न होता.

साहित्याच्या अभ्यासकांना हा युक्तिवाद परिचित वाटावा. आपल्या समीक्षेतही ‘कृत्रिम’ हा शब्द बहुधा दोष म्हणून येतो आणि ‘सहज’ हा गुण म्हणून. वस्तुतः ‘कृत्रिम’ म्हणजे कृतीतून निर्माण झालेले. भाषा, छंद, नाटक, कायदा हे सारे त्या अर्थाने कृत्रिमच. मनुष्याने जे घडवले त्यालाच संस्कृती म्हणायचे असेल, तर ‘हे निसर्गदत्त नाही, म्हणून तुझे नाही’ हा तर्क मुळातच फसवा ठरतो.

कादंबरीने हे न्यायालयापेक्षा अधिक नेमके ओळखले. चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘अमेरिकाना’ (२०१३) या कादंबरीच्या आरंभी नायिका इफेमेलू वेण्या घालून घ्यायला प्रिन्स्टनहून ट्रेन्टनला जाते, कारण प्रिन्स्टनमध्ये तिच्या केसांसाठी दुकानच नाही. नोकरीच्या मुलाखतीसाठी तिने एकदा रसायनाने केस सरळ केले होते, तेव्हा टाळू भाजली होती. केस सरळ करण्याची ही कृत्रिमता मात्र कोणाला खटकत नाही. नोकरीच्या बाजारात तीच ‘व्यवस्थित’ समजली जाते.

कायद्याची भूमिका पुढे बदलू लागली. २०१९ साली कॅलिफोर्नियाने ‘क्राउन’ कायदा करून वेण्यांसारख्या केशरचनांना वांशिक भेदभावाविरुद्ध स्पष्ट संरक्षण दिले आणि पाठोपाठ इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने असेच विधेयक मंजूर केले; सिनेटमध्ये मात्र ते अडले. दरम्यान दुसरा प्रश्न पुढे आला. २०२५ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने वेणीच्या दहा कृत्रिम जोडांची तपासणी केली, तेव्हा दहाही नमुन्यांत कर्करोगकारक रसायने आणि नऊ नमुन्यांत शिसे आढळले. म्हणजे ‘कृत्रिम’ या शब्दाची खरी चौकशी जिथे व्हायला हवी होती, त्या कारखान्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ती झाली वेणी घालणाऱ्या बाईची.