हातातलं कसब आणि मनाचं बळ

नांगराचा फाळ बोथटला म्हणून कुणी शेती सोडत नाही. लोहाराच्या भट्टीवर जायचं, फाळ पाजवून आणायचा आणि पुन्हा औत जुंपायचं. पण माणसाचं मनच खचलं, तर ते कुठे पाजवायचं? आपल्या सातारा-सांगली भागाच्या इतिहासात या प्रश्नाला एक उत्तर सापडतं. काम करता करता जो शिकतो, त्याचं मन सहसा मोडून पडत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवत होते. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे लोखंडी नांगर तयार केले, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी ते घेईनात. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. अशा वेळी औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

या माळावर कोण माणसं आली? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर आले आणि काम करता करता नामांकित यंत्रज्ञ झाले. दरोड्याची शिक्षा भोगलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीवर नेमलं. ज्यांच्यावर गावाचा विश्वास नव्हता, त्यांच्या हाती कारखाना सोपवला! 'तू नापास,' 'तू गुन्हेगार' असा शिक्का बसलेल्या माणसाला नुसत्या उपदेशानं धीर येत नाही. 'हे काम मला जमतं' असं त्याला स्वतःला दिसावं लागतं. मग त्याची मान आपोआप वर होते.

या बळाची परीक्षाही झाली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावली गेली. वर्षानुवर्षांचे कष्ट डोळ्यांदेखत जळाले. पण छपरं जळतात, हातातलं कसब जळत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला.

याच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेला एक माणूस तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. कोल्हापूरच्या १९१४ च्या डांबर प्रकरणात त्यांना नाहक गोवलं गेलं आणि तुरुंग पाहावा लागला. त्यानंतर त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, मग नांगर विकले. त्या फिरतीत खेड्यातलं अज्ञान आणि दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिलं. विक्रेत्याची फिरती हीच त्यांची शाळा झाली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, स्वतः रांधत आणि शेतात राबत. 'कमवा आणि शिका' याचा अर्थ फी भागवणं एवढाच नव्हता. स्वतःच्या घामाची भाकरी खाणाऱ्या पोराला गरिबीची लाज वाटेनाशी होते, हा त्यातला खरा लाभ.

एक मात्र ध्यानात ठेवा. शिकवण्याच्या नावाखाली नुसतं राबवून घेतलं, तर मन घट्ट होत नाही, उलट कडू होतं. शिकणाऱ्याला योग्य दाम हवा, मान हवा आणि चुकायला थोडी मोकळीकही हवी.

तेव्हा गुरुजी, तुमच्या वर्गातला मागे पडलेला पोरगा शाळेच्या बागेत किंवा सुताराच्या नेटावर काय करतो, ते एकदा बघा. आणि शेतकरी दादा, तुमच्या पोरानं मोटारपंप खोलला आणि त्याला तो जुळवता आला नाही, तर लगेच हातातला पाना काढून घेऊ नका. शेजारी बसा, हवं तर खूण दाखवा, पण जुळवू द्या त्यालाच. बिघडलेलं आपल्या हातानं दुरुस्त होतं, हे ज्यानं एकदा अनुभवलं, तो पुढे आयुष्य बिघडलं तरी हातपाय गाळून बसत नाही.