सूफियाना ताट

आमच्या बेसा भागात फ्लॅट बघायला गेलो की आधी विचारतात, "सर, व्हेज ना?" नाव ऐकल्यावर उत्तराचीही वाट बघत नाहीत. जणू मुसलमान आणि शाकाहार यांचा कधी संबंधच नव्हता.

तेराव्या शतकात ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे मुरीद हमीदुद्दीन नागौरी बिघाभर शेतीवर जगले. ते गोश्त खात नसत. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बिनगोश्ताच्या पदार्थांना 'सूफियाना' म्हटलं. त्यात वांगी आहेत, साग आहे आणि खिचडीही: तांदूळ, डाळ, तूप प्रत्येकी ५ शेर.

मी गोश्त खातो, लपवत नाही. तरी घरी बरेच दिवस वरणभातच शिजतो. ताट ज्याचं त्याचं. त्यावरून शेजारी निवडू नये, एवढंच.